पुढे रस्ता बंद

सहलीचा तिसरा दिवस नुसता गाडी चालवण्याचा होता. घरून, म्हणजे रेडमंडहून, निघण्याआधी नवऱ्यानं केलेल्या एक्सेल शीटमध्ये तसं लिहिलंच होतं: ‘ड्राइव्ह डे’. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून सकाळी निघायचं, समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला जायचं, चार ठिकाणी थांबून फोटो काढायचे आणि पाचच्या आत पुढच्या हॉटेलात पोचायचं. पावसासाठी त्या शीटमध्ये रकाना नव्हता.

गाडी मी चालवत होते, कारण आठवड्यापूर्वी बॅडमिंटन खेळताना नवऱ्याचा उजवा हात मुरगळला होता. तो शेजारी बसून फोनवर रस्ता बघत होता. मागे सासूसासरे आणि त्यांच्या मधे आमची अकरा वर्षांची मुलगी, कानाला हेडफोन लावून. सासूसासरे नागपूरचा उन्हाळा चुकवायला आमच्याकडे आले होते. आता सासूबाई दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून, फोनवर बहिणीचा मेसेज वाचून हळहळत होत्या, “तिकडे कूलर लागले म्हणे.”

पाऊस कोसळत नव्हता आणि थांबतही नव्हता. वायपर हळू ठेवला की समोरचं दिसेना, जोरात केला की करकर वाजे. उजव्या हाताला पॅसिफिक होता असं नकाशा म्हणत होता. आम्हाला फक्त राखाडी रंग दिसत होता. पहिल्या ठिकाणी थांबलो तेव्हा नवरा म्हणाला, “इथून व्हेल दिसतात.” सासूबाई म्हणाल्या, “मला काही उतरायचं नाही, तुम्ही बघून या.” आणि तिथून निघाल्यावर बरोबर दहा मिनिटांनी त्यांना बाथरूमला जायचं होतं.

“आई, आत्ता विचारलं होतं ना मी?” मी सासूबाईंना म्हटलं.

“तेव्हा नव्हतं लागलं गं.”

हे त्या दिवशी तीनदा झालं.

पण माझा जीव खरा खाल्ला तो बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी. चौतीस वर्षं विदर्भात सरकारी नोकरीत रस्ते बांधण्यात गेलेली. त्यामुळे सकाळपासून त्यांचं माझ्या मानेमागून चालू होतं. वळणाला उतार कसा दिलाय बघ. इथली नाली तुंबलेली दिसते. समोरचा ट्रक ब्रेक मारतोय, बरं का. स्पीड जरा कमी कर, पाणी साचलंय. मी ‘हो बाबा, हो बाबा’ करत होते आणि दात आवळत होते.

दुपारी दोनच्या सुमाराला समोर गाड्यांची रांग लागली. रांगेच्या टोकाला केशरी रेनकोट घातलेली एक बाई ‘थांबा’ची पाटी घेऊन उभी होती.

“वीस मिनिटं दाखवतोय,” नवरा फोन बघत म्हणाला.

“दरड आली असणार,” बाबा म्हणाले. “हे आज उघडत नाही. मागे वळव.”

“बाबा, हे लाइव्ह असतं. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं.”

चाळीस मिनिटांनीही फोन वीसच मिनिटं दाखवत होता. काचा धुकटल्या होत्या, पुरी-लोणच्याचा वास गाडीत कोंडला होता. बाबा पुन्हा पुढे वाकले, “मी काय म्हणतो, इथे रस्त्याकडेचा शोल्डर रुंद आहे, आत्ताच जर…”

“बाबा, प्लीज! सकाळपासून प्रत्येक वळणावर तुम्ही बोलताय. जरा गप्प बसता का?”

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मी त्यांच्याशी अशी कधीच बोलले नव्हते. मुलीनं हेडफोन काढला. “आई, दॅट वॉज सो रूड.”

 बाबांनी माकडटोपी घातली, नातीची पारदर्शक छत्री घेतली आणि ते दार उघडून पावसात चालू लागले. काचेतून दिसत होतं, ते सरळ त्या पाटीवाल्या बाईकडे निघाले होते.

“जा ना, बोलावून आण त्यांना,” नवरा म्हणाला.

“तुझे वडील आहेत, तू जा.”

“अगं, माझा हात…”

“हातावर चालतोस का तू?”

शेवटी मीच उतरले. पोचेपर्यंत पार भिजले. ती बाई आता बाबांवर ओरडणार, आपण माफी मागायची, असं मनात जुळवत गेले, तर बाबांचं चाललं होतं, “सॉइल इज फुल ऑफ वॉटर, मॅडम. हिल इज स्टिल मूव्हिंग?” आणि ती मान डोलावून म्हणत होती, “येस सर, दॅट्स एक्झॅक्टली इट.” डोंगर अजून सरकत होता. उद्या सकाळी तज्ज्ञ येऊन बघणार, तोवर कुणालाच सोडणार नव्हते. तुमच्या जागी मी असते तर केव्हाच परत फिरले असते, असं तिनं मला हळूच सांगितलं.

गाडीकडे परतताना मी म्हटलं, “बाबा, मघाशी मी जरा जास्तच बोलले.”

“चालवणाऱ्याच्या कानाशी बडबडू नये,” ते म्हणाले. “मेळघाटात माझ्या ड्रायव्हरनं मला एकदा जीपमधून उतरवलं होतं.”

“तुम्हाला? साहेबाला?”

“मग काय. म्हणाला, साहेब, एकतर तुम्ही चालवा नाहीतर मी चालवतो. चार किलोमीटर चाललो.”

‘मी म्हटलं नव्हतं?’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला निदान भांडता आलं असतं. मी वळून त्याच रस्त्यानं परत निघाले, आणि पहिल्या दहा मैलांत नवरा म्हणाला, “आपण आधीच वळलो असतो तर…” मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो पुन्हा फोनमध्ये शिरला.

पाच वाजता एका मोटेलात एकच खोली मिळाली. पाच माणसं, दोन पलंग, हीटरवर वाळत घातलेले ओले मोजे. नवरा पुढच्या हॉटेलशी फोनवर हुज्जत घालत होता, मग आतल्या भागातून वळसा घालून कसं जाता येईल ते दाखवू लागला. सात तास.

“कॅन वी जस्ट गो होम?” मुलगी म्हणाली.

 सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, बाबांनी खिडकीबाहेर. “हो,” मी म्हटलं, “जाऊ या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो, ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी. वाटेतही पाऊसच होता. नवरा पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. सासूबाईंनी मात्र घरात शिरल्याशिरल्या पिठलं टाकलं आणि बहिणीला फोन करून सांगितलं की सहल फार छान झाली.