चष्म्याच्या दुकानात कळलं

माझे मिस्टर वाळूजच्या एका कीटकनाशकाच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या मशीनवर होते. आम्ही मूळचे पिशोरचे. गावाकडं कपाशीवर फवारतात ते औषध आपल्या हातून भरून जातं, याचं त्यांना कौतुक होतं.

दोन वर्षांमागं त्यांना धुरकट दिसायला लागलं. कामावरून आले की म्हणायचे, "लाइट लाव ना, अंधार केलाय." लाइट चालूच असायचा. डोकं दुखायचं, घामानं बनियन भिजून निघायचं. चाळिशी लागली असेल म्हणून एका रविवारी आम्ही औरंगपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात गेलो.

तिथल्या बाईंनी खोलीत अंधार केला, डोळे बघितले, पुन्हा बघितले.

"काम काय करता?"

त्यांनी सांगितलं.

"अंधारात बाहुली मोठी व्हायला पाहिजे. तुमची टाचणीच्या डोक्याएवढीच राहतेय. चष्मा मी देणार नाही. डॉक्टरला दाखवा, आणि कामाचं आधी सांगा."

मला त्या बाईचा रागच आला होता.

डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट बघून म्हणाले, "औषध अंगात गेलंय. श्वासातून, कातडीतून. त्या मशीनपासून लांब व्हा." मग माझ्याकडं वळले. "कामाचे कपडे कोण धुतं?"

"मीच की."

"हातानं?"

"व्हय. पोरांच्या कपड्यांतच."

माझी मळमळ मी पित्ताची समजत होते. त्या दिवशी माझंही रक्त घेतलं, त्यातही थोडं औषध निघालं. पोरांचंही घेतलं, ती ठीक निघाली, तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मिस्टर सुपरवायझरकडं गेले. तो म्हणाला, "थोडंफार सगळ्यांनाच होतं. लिंबूपाणी पीत जा."

एरवी मान खाली घालणारा माझा माणूस म्हणाला, "सगळ्यांनाच होतं ना? मग सगळ्यांचं रक्त तपासा."

लाइनवरची माणसं त्यांच्या मागं उभी राहिली. महिनाभर टाळाटाळ झाली, पण तपासणी झाली. आणखी चौघांच्या रक्तात औषध निघालं, त्यांनाही मशीनवरून काढून दुसऱ्या कामाला लावलं. कपडे आता कारखान्यातच धुतात.

मिस्टर आता खोक्यांच्या गोदामात कामाला आहेत. नजर दीड महिन्यात सुधारली. बोटांना मुंग्या मात्र अजून येतात. शर्टाची वरची गुंडी मी लावून देते, आणि ते मान वर करून निवांत उभे राहतात.