जबाबातला भाऊ

त्या तपासाची आठवण निघाली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून उलगडले, दरोडेखोर पकडले, त्यांची कात्रणं बायकोने जपून ठेवली आहेत. पण निवृत्तीनंतर जे प्रकरण मनातून जात नाही, त्यात रक्ताचा थेंबही नव्हता. कागदांचा एक गठ्ठा हरवला होता, एवढंच.

मी तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका बाजारगावात ठाणे अंमलदार होतो. पेठेत एका जैन व्यापाऱ्याचं औषधांचं दुकान होतं. पूर्वज राजस्थानातून आलेले, पण घर चार पिढ्या इथलंच. दुकानदाराची धाकटी बहीण मुंबईत वकील होती, मोठ्या कंपन्यांचे कराचे खटले लढवायची. आई आजारी म्हणून ती आठवडाभर माहेरी आली आणि सोबत एका औषध कंपनीचे मूळ करारही घेऊन आली. परत निघताना गठ्ठा सामानात सापडला नाही. सुनावणी तोंडावर होती. वकीलबाईंनी विश्वासघात केल्याचा संशय असल्याची तक्रार कंपनीने आमच्याकडे दिली.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्याने टीप दिली. "सायेब, तिचा भाऊ त्या कंपनीच्या वैऱ्याचा माल इकतो. अजून काय पायजे तुमाला?"

खरंच, मला अजून काही नको होतं. इथेच मी घसरलो.

बाईंना ठाण्यात बोलावलं. चौकशीत रडारड नाही, आवाज चढवणं नाही. मी विचारलं, "नेमकं काय काम करता तुम्ही?"

"एकाच मालकाच्या दोन कंपन्या असतात. एक इथे, एक परदेशात," त्या म्हणाल्या. "घरातल्या घरात माल विकताना भाव मनाला येईल तो लावता येतो. मग जिथे कर कमी, तिथे नफा सरकवल्याचा आरोप होतो. परक्याला जो भाव दिला असता तोच घरच्याला दिला, हे मला सिद्ध करावं लागतं."

पहिली दहा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या फायली वाहिल्या होत्या. हे काम हिशेबनिसांचं, वकिलांचं नव्हे, असं लोक तोंडावर म्हणत. वीस वर्षांनी कुठे स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या होत्या. "साहेब, ठपका बसला तर सनद जाईल," त्या म्हणाल्या. "मग माझ्याकडे काही उरत नाही."

दुकानदाराच्या घरी काम करणारी बाई डोंगराकडच्या वाडीतली होती. ठाण्यात आली तेव्हा पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. कागद कोणी नेले, असं विचारल्यावर पुटपुटली, "भाऊनं नेली." हवालदाराने सवयीप्रमाणे शुद्ध करून लिहिलं : 'कागद भावाने नेले.' मी सही ठोकली.

दुकानदाराला दोन दिवस बाकावर बसवला. अख्खी पेठ येता-जाता बघत होती. तो एकच सांगे, "मी हात लावला नाही." अशाला आम्ही मुरलेला म्हणतो. शेवटी मी बहिणीला बोलावलं आणि दोघांसमोर जबाब वाचला. त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, तू नेलेस का रे?"

तो बाकावर तिच्याकडे पाठ करून बसला.

मुद्देमाल मिळत नव्हता आणि वरून फोन येत होते. पुरवणी जबाब घ्यावा म्हणून घोडेगावहून डोंगराकडे जाणारी एसटी पकडून मी त्या बाईच्या वाडीवर गेलो. ओट्यावर बसून आधीचा जबाब वाचून दाखवला. ती मध्येच म्हणाली, "भावानं न्हाई, सायेब. भाऊनं."

"एकच की."

"एक कसं? तो भंगारवाला भाऊ. जुन्नरचा. समदी त्याला भाऊच म्हनत्यात. जिन्यात रद्दीवर गठ्ठा व्हता, ताईंचं सामान उतरवताना ऱ्हायला असंल. मला वाटलं त्योबी द्यायचा."

"आणि ताईंचा भाऊ?"

"ते शेठ हायेत," ती चपापून म्हणाली. "त्यांना मी भाऊ कशी म्हनंन?"

तिने पहिल्या दिवशीच खरं सांगितलं होतं. आम्हीच ते सुधारून लिहिलं होतं.

जुन्नरच्या बाजारात भाऊचं रद्दीचं दुकान सापडलं; भाऊ म्हणजे एक मुसलमान म्हातारा. गठ्ठा वरच्या फळीवर, सुतळीने बांधलेला, जसाच्या तसा. म्हणाला, "शिक्का असलेला कागद मी पुड्यांना देत नाय, साहेब. परत द्यायला दोनदा गेलतो. दारात पोलीस बघून माघारी फिरलो."

पंचनामा झाला, कंपनीने तक्रार मागे घेतली, सुनावणी वेळेवर झाली. बाईंची सनद वाचली. पुढे त्या या कामात नावारूपाला आल्या असं ऐकतो.

मी दुकानदाराची माफी मागायला गेलो. तो खोकी लावत होता, हात थांबले नाहीत. "तुम्ही विचारलंत त्याचं काही नाही, साहेब. तुमचं कामच ते. तिनं विचारलं."

नंतर एकदा वकीलबाई कामासाठी ठाण्यात आल्या होत्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "घरच्याला परक्यासारखं तोलायचं, हेच आयुष्यभर शिकले मी. त्या दिवशी दादालाही तसंच तोललं." आई गेल्यावर माहेरी येणं जवळपास बंदच झालं, असं पेठेत कळलं.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी बजावलं, की माणूस बोलेल तसंच लिहा, 'न्हाई'चं 'नाही' करायलासुद्धा जाऊ नका. त्यांना ती साहेबांची खोड वाटायची. आमचा जबाब चुकला, तर आम्ही पुरवणी जबाब घेतला. बहिणीच्या त्या एका प्रश्नाला मात्र पुरवणी नव्हती.