रेंजचं वळण

बारा वर्षं मी रामनगर ते उळवी या रस्त्यावर जीप चालवली. माणसं भरायची, सोडायची, पुन्हा भरायची. गाडी मी चांगली चालवायचो, हे आजही म्हणतो. त्या रस्त्याचं एकेक वळण माझ्या हाताला पाठ होतं. समोर बघायची गरजच वाटायची नाही, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

जोयडा मागं पडलं की फोनवरच्या दांड्या जातात आणि कितीतरी वेळ दोन्ही बाजूंना नुसतं जंगल. मध्ये एकच जागा अशी आहे, की चढ संपतो, डाव्या हाताला दरी उघडते आणि पलीकडच्या डोंगरावरच्या टॉवरची रेंज शंभर-दीडशे पावलं मिळते. सगळे त्या जागेला रेंजचं वळण म्हणायचे. तिथं पोचलं, की मांडीवर ठेवलेला फोन टुंग टुंग करत सुटायचा. तासाभराचे अडकलेले निरोप एका दमात यायचे. मी ते तिथल्या तिथं, गाडी चालवतच बघायचो. थांबून बघावं असं कधी मनात आलं नाही. थांबलं तर मागची जीप पुढं जाणार आणि पुढच्या फाट्यावरची माणसं तिला मिळणार.

आसपासच्या वाड्यांतल्या लोकांनाही फोन करायला तीच जागा. दुपार कलली की पाच-सहा जण तिथं रस्त्याच्या कडेला उभे असायचे. एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर हात, तोंड दरीकडं आणि पाठ आमच्याकडं. मला त्यांची गंमत वाटायची. हॉर्न न देता मी त्यांच्या पाठीला लागेल इतक्या जवळून गाडी काढायचो. ते दचकून गवतात उडी मारायचे, कुणाच्या हातातला फोन पडायचा, आणि गाडीतली माणसं खिदळायची. माणसं हसली की मला जोर चढायचा.

एकदा एक मास्तरीणबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. नवीनच बदलून आलेल्या. त्या म्हणाल्या, "दादा, तो फोन खाली ठेवा. एवढी माणसं आहेत गाडीत."

मी जीप थांबवली. "उतरा बाई," म्हणालो. "तुमाला भीती वाटतीया तर चालत जावा."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी खाली उतरलो, टपावरची त्यांची बॅग काढली आणि रस्त्यावर ठेवली. पाऊस लागला होता. त्यांची शाळा तिथून तासाभराच्या चालीवर. मागं अकरा माणसं बसली होती. त्यातलं एकही बोललं नाही. एका बाईनं लगेच पुढं येऊन ती जागा घेतली. त्या दिवसानंतर माझ्या गाडीत फोनबद्दल कुणी शब्द काढला नाही.

त्या वळणावर रोज येणाऱ्यांत एक म्हातारी होती. वळणाच्या खाली पाच घरांची कुणब्यांची वाडी आहे, तिथली. नवरा कधीच गेलेला. एकुलती एक मुलगी गोव्यात मडगावला कुणाच्यातरी घरी स्वयंपाकाला होती. मुलीनं तिला बटणांचा फोन घेऊन दिला होता. रोज दुपारी काम आटोपलं की मुलगी फोन करायची, आणि म्हातारी त्याआधीच येऊन फोन हातात धरून उभी राहायची. मला ती "पुता" म्हणायची. मी तिला मावशी म्हणायचो. कधी वाडीत मुडल्यांचे कंद निघाले की पानात बांधून माझ्या गाडीत ठेवायची. माझ्या बायकोला ते फार आवडायचे. म्हातारीच्या पाठीमागून गाडी काढली तरी ती चिडायची नाही. दचकायची आणि मग स्वतःच तोंडावर पदर धरून हसायची. "मेल्या, मारशील एक दिस," म्हणायची.

उळवीच्या जत्रेचे दिवस होते. रस्त्यावर गाड्यांची रीघ, बैलगाड्या, धूळ. माझी सकाळपासून तिसरी खेप. गाडीत खानापूरकडचे जत्रेकरू खच्चून भरले होते, दोघं मागं लटकत होते. दुपारचे तीन वाजले असतील. चढ संपला आणि फोन वाजायला लागला. मेव्हण्यानं एक व्हिडिओ पाठवला होता. कुठल्यातरी लग्नात नवरदेवाचा बाप घोड्याला हार घालायला जातो आणि शेणावरून घसरून पडतो. मी तो लावला. बाप पडला तसा मी मोठ्यानं हसलो. शेजारी बसलेल्या माणसाला दाखवायला फोन तिकडं वळवला. तोही हसला.

आणि गाडीला काहीतरी लागलं. आवाज मोठा नव्हता. भाताचं पोतं टपावरून खाली पडावं तसा.

मी ब्रेक दाबला तेव्हा माझ्या तोंडावर हसू तसंच होतं. हे मला माहीत आहे, कारण समोरच्या आरशात मी स्वतःला बघितलं.

म्हातारी गटाराच्या कडेला आडवी पडली होती. मागचं चाक तिच्या कमरेच्या खालच्या भागावरून गेलं होतं. डोळे उघडे होते, ओरडत मात्र नव्हती. नुसती हातानं गवत चाचपत होती. मला आधी कळलं नाही, मग कळलं, ती फोन शोधत होती. फोन चार हातांवर पडला होता आणि चालू होता. मी तो उचलला. आतून मुलीचा आवाज येत होता, "आई? अगो आई, आयकता मगे?"

मी फोन तोंडाजवळ नेला आणि म्हणालो, "रेंज जातीया." आणि तांबडं बटण दाबलं.

का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. त्या आवाजाला गप्प करायचं होतं, एवढंच.

जत्रेकरू खाली उतरले. एक पटका बांधलेला माणूस म्हणाला, "आमाला आदी देवळात सोड, मग हिला न्हे. संध्याकाळची पालखी चुकंल." त्यावर कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. देऊळ पुढं होतं, दवाखाना मागं. मी खरोखरच क्षणभर विचार केला. शेवटी त्यांच्यातलीच एक पोक्त बाई गाडीत चढली आणि म्हणाली, "हिला माज्या मांडीवर द्या." तिनं म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, तसा मी गाडी फिरवली. माझ्या शेजारचा माणूस पुढच्या सीटवर तसाच बसून राहिला होता, पटकेवाला आणि बाकीचे दुसरी जीप धरायला पळाले.

जोयड्याच्या दवाखान्यात पट्ट्या बांधल्या आणि बेळगावला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिका निघाली, आणि मला ठाण्यात बसवलं. तिथंच मी बोललो. म्हणालो, "साहेब, म्हातारी फोनवर बोलत बोलत रस्त्यात आली. मी हॉर्न दिला, तिला आयकूच गेला न्हाई."

माझ्या शेजारी बसलेला तो माणूसही साक्षीला आला होता. त्याला मी मघाशी व्हिडिओ दाखवला होता, तोच. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवली. "व्हय, असंच झालं," म्हणाला. त्याला उळवीला जायची घाई होती. ज्या बाईनं म्हातारीला मांडीवर घेतलं तिला कुणी विचारलंच नाही.

महिनाभरात सगळ्या वाड्यांत हीच गोष्ट झाली. म्हातारीला फोनचं याड लागलं होतं. कानाला फोन लावला की तिला जग दिसायचं नाही. चहाच्या टपरीवर माझ्यासमोर लोक असं बोलायचे, आणि मी चहा पीत ऐकून घ्यायचो. एकानं तर माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुजं नशीब खराब," म्हणाला.

दीड महिन्यानं तिला घरी आणलं. कमरेखाली जीव उरला नव्हता. मुलगी गोव्याचं काम सोडून आली होती. मी केळी घेऊन भेटायला गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. म्हातारी पडवीत बाजेवर होती. मला बघून तिचे डोळे भरले. माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"पुता, माजंच चुकलं रे," ती म्हणाली. "मी मागं बगूक न्हाई. तुका फुकट पोलिसांचा तरास झाला. मनात धरू नको."

मी म्हणालो, "असू दे मावशी. झालं ते झालं."

तिनं माझी माफी मागितली आणि मी ती देऊन टाकली. घरी येऊन जेवलो. जेवण गोड लागलं, हेही लिहायला हवं.

सकाळच्या वेळी त्या वाडीवरून जाणारी गाडी माझीच असायची. आठवड्यातून एकदा मुलगी औषधं आणायला जोयड्याला जायची, ती माझ्याच जीपमधून. तीस-बत्तीसची असेल. मागं बसायची, कुणाशी बोलायची नाही. पाच-सहा खेपा अशाच गेल्या. एक दिवस ती पुढं येऊन बसली. येताना बाकीची माणसं उतरून गेली आणि आम्ही दोघंच उरलो. वळण आलं, माझा फोन वाजला. मी तो उचलला नाही.

"बगा की," ती म्हणाली. "वाजतोय."

"नको. नंतर बगतो."

"आता नको व्हय?" मग समोरच बघत म्हणाली, "अण्णा, त्या दिशी फोनवर तुमी व्हता. 'रेंज जातीया' म्हणाला."

मी गिअर खाली घेतला.

"त्याच्या आदी कुणीतरी मोट्यानं हसलं. मला वाटलं, आईजवळ कोण जत्रेची माणसं हायत. मग धप्प झालं, आणि मग तुमी बोलला. मी रातभर मनात म्हटलं, रेंज गेली. दुसऱ्या दिशी कामं आटपून पुन्ना फोन लावला, तो नर्सनं उचलला, तवर आई बेळगावला पोचली व्हती. बेळगावला." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "हॉर्न काय मला आयकू आला न्हाई."

मी गाडी बाजूला घेतली. "मग तू पोलिसात का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? फोनवर हसणं आयकलं म्हणून?" ती म्हणाली. "मला पोलीस नको. आई रोज रडती, म्हणती मीच माजे पाय घालवले, पोरीचं काम घालवलं. तुमी घरी चला आणि तिला सांगा. बस्स."

मी गेलो. मला वाटलं, सांगून टाकू, मोकळा होऊ. बाजेशेजारी बसलो आणि सांगितलं. फोन, व्हिडिओ, हॉर्न दिला नाही, सगळं. मुलगी दारात उभी होती.

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मुलीकडं बघितलं, आणि तिचा चेहरा कडवट झाला.

"तू शिकवलंस काय याला?" तिनं मुलीला विचारलं. "आईवरचा दोष काडायला दुसऱ्याच्या पोराला खोटं बोलूक लावतंस? यानं मला उचलून दवाखान्यात न्हेलं. जत्रेतली माणसं पळाली, हा ऱ्हायला. याचं नाव घिऊ नको परत."

मी म्हणालो, "मावशी, खरंच—"

"गप. तुजं मन मोटं म्हणून तू बोलतोस." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "च्या दे गो याला," मुलीला म्हणाली.

मुलीनं चहा आणला. कप माझ्या हातात दिला नाही, खाली जमिनीवर ठेवला. मी वाकून उचलला आणि प्यायलो. म्हातारी त्या दिवसापासून मुलीशी नीट बोलली नाही, असं मला नंतर शेजारच्या घरातून कळलं. मुलगी तिला भरवायची, पुसायची, कूस बदलायची, आणि म्हातारी भिंतीकडं तोंड करायची. आईजवळ मुलीच्या शब्दाला जी किंमत होती, तीही माझ्यामुळं गेली.

मी ठाण्यातही गेलो होतो, हे खोटं नाही. बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलो. आत गेलो तेव्हा हवालदारानं कन्नडमध्ये विचारलं, काय काम? मी म्हणालो, गाडीचा कागद हरवलाय. त्यानं अर्ज लिहायला सांगितला. मी अर्ज लिहिला आणि आलो.

दुसऱ्या पावसाळ्यात म्हातारी गेली. झोपून झोपून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या भरल्या नाहीत. मी पोचलो तेव्हा अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. सरण रचायला कोरडी लाकडं नव्हती, लांबच्या वाडीतल्या कुणाच्यातरी शेडमधून आणावी लागणार होती. कोण जाणार, अशी चर्चा चालली होती. मुलगी पुढं आली आणि सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हे आणतील."

"बगा," एक म्हातारा म्हणाला, "पोरीचं मन किती मोटं."

मी जीप घेऊन गेलो, लाकडं आत आणि टपावर ताडपत्रीखाली भरली, परत आलो. वरून पाऊस कोसळत होता. लाकडं भिजू नयेत म्हणून घाईनं उतरवायची होती. ओंडके जड, सालीखाली लाल मुंग्या. दोन गडी मदतीला पुढं झाले.

मुलगी पडवीतून म्हणाली, "तुमी ऱ्हावा. त्यांना एकट्याला करू दे."

ते मागं सरले. मी एकेक ओंडका खांद्यावर घेऊन खाली सरणाच्या पत्र्याखाली नेला. मुंग्या मानेला चावत होत्या. शेवटचा ओंडका ठेवेपर्यंत ती पडवीतच उभी होती. मग आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.