तणशीजवळची राख

रुखमा तशी सावध बाई. नवरा पोचू मिरची तोडायला तेलंगणात गेला, की गाय, घर आणि म्हातारी सासू कमळाबाई, सगळं तिच्याच अंगावर. पण त्या दिवशी मोहफुलं वेचायला जायची घाई होती. चूल विझलीच आहे असं समजून तिनं राख टोपलीत भरली, गोठ्यामागच्या उकिरड्यावर पालथी केली आणि जंगलाची वाट धरली.

मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. सोबतची दीपाली वेचता वेचता म्हणाली, "वारं कसं सुटलं पाहा ना, बाई!"

रुखमाचा हात थांबला. उकिरड्याला लागून तणशीचा, भाताच्या वाळल्या पेंढ्याचा ढीग, ढिगाला टेकून गोठा, गोठ्यात गाभण गाय बांधलेली. घरी गुडघ्यांनी अधू झालेली सासू एकटी.

"मी राखेवर पानी नाई टाकलं व!" एवढंच म्हणून ती धावत सुटली.

गावाकडे धूर दिसत होता. मोहाच्या दिवसांत पाला जाळल्याचा धूर कुठूनही येतो, हे तिला ठाऊक होतं. पण जीव मानेना. काटेरी झुडपात पदर अडकला, तो तिनं ओढून फाडला.

पोचली तर तणशीची एक कड काळी पडून धुमसत होती. कमळाबाई चिखलात बसलेली, बाजूला उपडी बादली. गाय मात्र अंगणात मोकळी उभी होती.

"आत्या, भाजलं का कुठी?"

"मले काय होते! जळका वास आला, तं भिंत धरत गेली. पयले गाय सोडली, मंग तिच्याच बादलीतलं पानी ओतलं."

एरवी चुलीतलं लाकूड वाकडं गेलं तरी बोलणारी सासू आज ओरडली नाही. रुखमानं चिखलासकट तिला मिठी मारली आणि पोटभर रडली. मग आणखी पाणी आणून ढीग भिजवला. काडीनं राख उकरली, तर पांढऱ्या थराखाली अजून लाल निखारा होता.

तेव्हापासून राख लोखंडी घमेल्यात जाते. पाणी शिंपडायचं, ढवळायचं, झाकण ठेवून मोकळ्या अंगणात राहू द्यायचं. पुरती गार झाली, की दुसऱ्या दिवशी वांग्याच्या वाफ्यात.

त्याच दिवशी संध्याकाळी पोचूचा फोन आला होता. सगळं ऐकून तो घाबरून म्हणाला, "गाय बरी हाये ना?"

"बरी हाये. पन पयले मायचं विचारा!"

बाजेवर पडलेली कमळाबाई खुदकन हसली.