कूलरचं बटन

कोहका भागातला आमचा कूलरवाला दर मार्चला येतो. त्याचं काम चोख असतं, पण बटन तो कधीच स्वतः दाबत नाही. "तुमीच दाबा, वैनी," म्हणतो आणि खिडकीशी जाऊन उभा राहतो. विजेला भिणारा मेकॅनिक म्हणून आम्ही त्याला हसायचो.

यंदा त्यानं कूलर उघडला, तर खसच्या गवतात उंदरांचं घरटं आणि खाली लेंड्याच लेंड्या. मी झाडू उचलला.

"झाडू नका!"

हा माणूस ओरडू शकतो हेच मला माहीत नव्हतं. त्यानं झाडू हिसकावला, खिडक्या उघडून आम्हाला बाहेर काढलं. मग तोंड-नाक बांधून, हातमोजे घालून ब्लिचिंगचं पाणी टाकलं, ते मुरू दिलं आणि ओल्या फडक्यानं सगळं पुसलं.

"कावून ओरडता हो, भाऊ? उंदरासाठी एवढं?" मी चिडूनच विचारलं.

तो हात धूत राहिला.

"एका घरी असंच होतं. म्या कूलरचा पंखा लावून सारं उडवून देल्लं. घरची बाई समोरच उभी होती. पंधरा-वीस दिवसांनी तिले ताप आला, मंग दम लागला, अन् गेली. डॉक्टर म्हने, उंदराच्या घानीतला व्हायरस."

त्यानं नळ बंद केला.

"बटन म्याच दाबलं होतं, वैनी."