आतोबांच्या हेडफोनची डावी बाजू

आमच्या आतोबांइतका शिस्तीचा, आणि त्या शिस्तीपायीच इतके घोटाळे करणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, तोफखान्यातून पेन्शनवर आलेले. एकाहत्तर साली मी कोरेगावच्या शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा ते म्हशीलाही ‘सावधान’ म्हटल्याशिवाय धार काढत नसत. म्हैस बिचारी उभीच असे. आपला हुकूम पाळला गेला, असं समजून आतोबा खूश होत.

त्यांचा एकुलता एक मुलगा हणमंता त्या वर्षी लढाईवर होता, आणि आतोबा एकही बातमीपत्र चुकवत नसत. ऐकायचे मात्र हेडफोन लावून. लष्करी भंगाराच्या लिलावातून आणलेले, वाटीएवढे दोन काळे गोळे त्यांनी रेडिओला जोडले होते. “लढाईची बातमी गल्लीत फोडायची नसती,” असं त्यांचं म्हणणं. शेजारच्यांचा रेडिओ तीच बातमी वेशीपर्यंत ओरडून सांगायचा, ती गोष्ट निराळी. घोळ एवढाच, की हेडफोनची डावी बाजू पहिल्या दिवसापासून मुकी होती. आणि दोन बाजू आहेत त्याअर्थी बातमीही निम्मी निम्मी वाटून येते, अशी आतोबांची पक्की समजूत. “फौज फुडं गेली, ह्ये उजवीकडनं आलं. पोरं कोण कोण माघारी येणार, ते डावीकडनं येत असणार. मास्तर, माझी अर्धी बातमी वाया चाललीय रं.” हे सांगताना त्यांचा आवाज जरा बसायचा, त्यामुळे मला हसताही येत नसे.

मग दुरुस्ती. निदान एकच: वायर आतून तुटलीय. कुठे तुटलीय ते दिसत नाही, म्हणून टोकाकडून वीतभर कापायची, कथलाने पुन्हा जोडायची, कान देऊन ऐकायचं, “डावी गप्प” असं जाहीर करायचं आणि पुन्हा वीतभर कापायची. कथील वितळवायची सळई आत्याच्या चुलीत तापे. आम्ही सगळे कथलाबरोबर लावायच्या राळेच्या वासाची भाकरी मुकाट खात होतो. लढाई सुरू झाली तेव्हा चार हात असलेली वायर ती थांबेपर्यंत हातभर राहिली. आतोबा खुर्चीवरून स्टुलावर आले, स्टुलावरून उभे राहिले. रेडिओ फळीवरून खाली घ्या म्हटलं, तर “सेटची जागा ठरल्याली हाय.” शेवटी फळीला गाल लावून ते असे वाकडे उभे राहत, की म्हातारा रेडिओलाच काहीतरी गुपित सांगतोय, असं पाहुण्यांना वाटे.

न राहवून मी त्यांना साताऱ्याला एका रेडिओवाल्या चाचांकडे नेलं. चाचांनी हेडफोन लावून बघितले आणि दोन्ही बाजू ठणठणीत असल्याचं सांगितलं. “साहेब, एकदा उलटे लावून तर बघा.” आतोबा ताठ झाले. डाव्या गोळ्यावर पांढऱ्या रंगात सरकारी ‘एल’ होता ना! “तुमी डावा बूट उजव्या पायात घालता व्हय?” एवढं विचारून ते बाहेर पडले आणि मला हळूच म्हणाले, “बिचाऱ्याचा एक कान गेलाय. त्याला पत्ताच न्हाई.”

येताना एस.टी.त मी मुद्दाम त्यांच्या डावीकडे बसलो आणि दोनदा हाक मारली. आतोबा समोरच्या खिडकीतून ऊस बघत राहिले.

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, “मला कवाचं म्हाईत हाय. अठरा वर्सं डाव्या हाताला तोफ वाजली. म्या कायम उजवीकडनंच बोलते. पर तू त्यास्नी सांगू नगंस. वायर कापत्यात तवर हात गुतल्यालं असत्यात. न्हाईतर दिसभर पोस्टमनची वाट बघत बसत्याल.”

पोस्टमन रोज येई, पण हणमंताचं पत्र नसे. लढाई थांबून महिना उलटला आणि वायर वीतभर उरली. मग एका दुपारी पत्राऐवजी हणमंताच ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. आत्या त्याच्या गळ्यात पडून रडली. आतोबांनी त्याला टोपीपासून बुटापर्यंत दोनदा तपासला, दोन्ही हात, दोन्ही पाय जागेवर आहेत याची खात्री केली आणि घसा खाकरून म्हणाले, “आलास? ह्ये जरा बघ. डावी चालंना.”

ट्रंक तशीच टाकून हणमंता फळीला गाल लावून वाकडा उभा राहिला. त्याला दोन्हीकडून ऐकू येत होतं, हे त्याच्या तोंडावरच दिसलं. बाप शेजारी उभा होता. बापाच्या डाव्या कानाशी हणमंता हळूच म्हणाला, “आबा.” आतोबा हलले नाहीत. हणमंताने आईकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग तो मोठ्यांदा म्हणाला, “डावीकडनं कायबी येत न्हाई, आबा. पार बंद हाय.”

“मी काय सांगत हुतो मास्तर?” आतोबांचा चेहरा उजळला. त्यांचा हात सळईकडे गेला आणि मध्येच थांबला. “म्हंजे अर्धी बातमी राह्यलीच की रं माझी. हणमा, तुझ्यासंगं गेल्याली पोरं... कोण आली, कोण न्हाई, ते आता तूच सांग.”

आतोबा स्टुलावर टेकले. हणमंता वळसा घालून त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसला आणि एकेकाचं नाव घेऊन सांगू लागला. आतोबा मान हलवत ऐकत होते. एका नावापाशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि पुढची सगळी नावं त्यांनी तशीच, उघड्या डोक्याने ऐकली.