चारी बाजूंनी बघणाऱ्या आपा

आपांनी कुठलाही जुना फोटो एकदाच स्कॅन केला, असं मी कधी पाहिलं नाही. आधी सरळ, मग आडवा, मग उलटा, मग दुसऱ्या अंगाला आडवा. मशीन साधंच, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात असतं तसं. अनसिंगला त्यांच्या फोटो दुरुस्तीच्या दुकानाला लागून माझं फ्रेमचं दुकान. ताटकळलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन कुरकुरायचं. आपा आतूनच ओरडायच्या, "मशीनचा उजेड एकाच बाजूनं पडते, भाऊ! कागद चारी बाजूनं पाहा लागते."

कागदाला खड्डा किंवा चीर असली की फोटो फिरवल्यावर तिची सावली बदलते. फोटोतल्या माणसाचा तीळ मात्र तसाच राहतो. चारी स्कॅन संगणकावर एकमेकांवर ठेवून आपा फक्त कागदाच्या जखमा भरायच्या. कुणी 'रंग जरा उजळ करा' म्हटलं की म्हणायच्या, "मंग दुसऱ्याचाच फोटो घेऊन जा ना!"

एकदा केनवडच्या गोदाकाकू आल्या. आईचा एकुलता एक फोटो, पेटीत ओल लागून कागदाला बारीक फोड आलेले, चेहरा ठिपक्यांनी भरलेला. आई गेली तेव्हा काकू पाळण्यात होत्या. "सारे डाग पुसून टाक बाई," त्या म्हणाल्या. "एकदा मले मायचं तोंड साफ पाहू दे."

"सारे नाही पुसत. आधी पाहू, कोनता डाग कोनाचा हाये," आपा म्हणाल्या.

पुढच्या बाजाराला काकू परत आल्या. स्क्रीनवर चेहरा स्वच्छ झाला होता, पण हनुवटीवर तीन ठिपके होतेच. "हे राह्यले की वं!" काकू हिरमुसल्या.

"राह्यले नाही, ठेवले. हे कागदाचे नाहीत, काकू. गोंदण हाये हे."

काकू स्क्रीनजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "मावशी सांगे, तुह्या मायले गोंदायची लई हौस होती. मले वाटे, माह्या समाधानासाठी सांगते." त्यांनी हळूच त्या हनुवटीला बोट लावलं. आपांनी आपल्या स्क्रीनला कुणाचं बोट लागू दिलेलं मी तेवढंच पाहिलं.

यंदा आपा लेकीकडे अकोल्याला राहायला गेल्या. तिथं त्यांना करमणार नाही, असं मला वाटत होतं. परवा फोन केला.

"भाऊ, अकोल्यात बी लोकाइच्या पेट्याइत लई मानसं पडून हायेत," आपा हसल्या. "लेक म्हनते, आराम कर. कायले? थांब, कोनी फोटो घेऊन आलं वाटते."

फोन बंद झाला. मी दुकानात एकटाच कितीतरी वेळ हसत होतो.